तांबड्या दोऱ्याचा पुडा

सिस्टरांच्या हातून त्या नाताळात कोणतीही चूक झाली नव्हती. केकच्या पुड्यावरचा तांबडा दोरा सोडून त्या जागी पांढरा दोरा मी बांधला होता. ही दोन वाक्यं लिहायला मला इतकी वर्षं का लागावीत, याचं उत्तर मी अनेकदा शोधलं. जे सापडलं ते मला शोभणारं नाही. माझा आवाज लहानपणापासून हळू आहे. लोक त्याला नम्रपणा समजतात आणि मीही त्यांना तसं समजू दिलं. त्याच हळू आवाजात मी एका बाईंविषयी एक वाक्य बोललो, आणि दुर्दैव असं की ते त्यांनीच सर्वांत जास्त खरं मानलं.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीमागे एका गल्लीत सिस्टरांचं बैठं घर होतं. रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म परिचारिका म्हणून काढला होता. निवृत्त झाल्या तरी गल्लीत, बाजारात, चर्चमध्ये त्या सिस्टरच राहिल्या. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला आलो तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. पत्नीची नोकरी शिरूरला, त्यामुळे मी एकट्यापुरती खोली शोधत होतो. कुणीतरी सिस्टरांचं दार दाखवलं. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "बसा. राउंड चालू आहे."

मी बसलो. आतल्या खोलीत त्या कुणाशी तरी बोलत होत्या.

"बेड नंबर दोन. काल भरलं तेवढं सगळं पिऊन बसलाय. तू कायमचा तहानलेला. बेड नंबर तीन, तुझी तक्रार कमी झाली का? नाही? बरं, मान वळव."

घरात आजारी माणसं ठेवतात की काय, या शंकेने मी डोकावलो. लोखंडी मांडणीवर काचेच्या आणि चिनीमातीच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. सिस्टर एकेक बरणी उचलत, उजेडाकडे धरत, हलकेच उलटीसुलटी करत आणि तोंडावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधत. आत काळसर पाण्यात मनुके होते, खजूर होते, संत्र्याच्या सालीचे तुकडे, अंजिरं, करवंदं होती. पुढच्या क्षणी वास आला. मांडवगण फराट्याच्या आमच्या घरात तीन पिढ्यांची तुळशीमाळ होती. दारूचा वास मला ठाऊक होता तो एसटीत शेजारी येऊन पडणाऱ्या माणसांचा. इथे तो वास एका पांढऱ्या साडीतल्या, गळ्यात बारीकसा क्रूस घातलेल्या बाईंच्या मांडणीवरून येत होता. मी इतका हबकलो की चप्पल पायात आहे की नाही, हेही मला कळेना.

"घाबरू नका," त्या मागे न वळता म्हणाल्या. "मी घेत नाही. फळांना देते. फळं प्यायली तरी भांडत नाहीत, बायकोवर हात उगारत नाहीत. डिसेंबरपर्यंत गप झोपून राहतात."

"आमच्या घरी माळ आहे," मी कसाबसा म्हणालो.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग खोली तुम्हालाच. माळकरी भाडेकरू माझ्या पेशंटांना हात लावायचा नाही."

पुढे त्या वाक्याची मला अनेकदा आठवण होणार होती.

या राउंडची सुरुवात कशी झाली हे त्यांनी मला एकदा चहा गाळता गाळता सांगितलं. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. माणूस सज्जन, पण ड्यूटी संपली की बाटली घेऊनच घरी येणारा. भांडून झालं, रडून झालं, पाद्रीसाहेबांकडून समजावून झालं. शेवटी एका नाताळाच्या आधी त्यांनी आणलेली अख्खी बाटली सिस्टरांनी मनुक्यांच्या बरणीत ओतली. फेकली असती तर पाप लागलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

"यांनी विचारलं, बाटली कुठंय? मी म्हटलं, ॲडमिट केली. दुसरी आणली, तीही ॲडमिट केली. असं वर्षभर चाललं. मग ते आणायचेच बंद झाले. म्हणाले, तुझ्या मनुक्यांना पाजायला मी कशाला राबू?"

"मग आता तुम्ही का आणता?"

"सवय लागली ना, सर. मनुक्यांना."

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पहिल्या बरणीत मात्र दरवर्षी एक मूठ जुनी फळं राखून ठेवलेली असत. विरजणासारखी. त्यावरच नवी फळं, नवी रम पडे. बरणी कधी पूर्ण रिकामी झाली नव्हती. "यांच्या पहिल्या बाटलीतला थेंब अजून आत असेल," त्या म्हणत, आणि लगेच परिचारिकेच्या काटेकोरपणाने दुरुस्ती करत, "असेल म्हणजे, हिशेबाने."

रम आणायला त्या स्वतः जात. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात दवाखान्यातली जुनी पिशवी. दुकानासमोरच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या की पुढची माणसं खाली बघून बाजूला होत. त्यांतल्या कित्येकांना त्यांनी टाके घातले होते. एकदा एकजण धीर करून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कशापायी येता? सांगत जावा, म्या आनून दिईन की."

"तू आणशील ती वाटेत कमी होते," सिस्टर म्हणाल्या.

रांग खदाखदा हसली आणि तो माणूसही हसला. दुकानदार बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळून द्यायचा. त्या ते तिथेच सोडून परत करत. बाटली न झाकता हातात धरून भर बाजारातून घरी येत. लपवलेल्या गोष्टीनेच नुकसान होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्यांच्या सोबत चालायचो तेव्हा दोन पावलं मागे राहायचो. आज ती दोन पावलंही मला आठवतात.

माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, एकदा माझी खोली बघायला आले. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काहीही न लपवता सरळ मांडणीसमोर नेलं. आबा बराच वेळ बरण्यांकडे बघत राहिले.

"आबा, तुमचा ऊस कुठं जातो?" सिस्टरांनी विचारलं.

"कारखान्याला."

"आणि कारखान्यातली मळी?"

आबांनी मान वर केली.

"मळीचं स्पिरिट, स्पिरिटची रम. म्हणजे बेड नंबर दोनवर तुमचाच ऊस झोपलाय."

आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "बाई, ल्योक वाया ग्येला म्हून बाप काय त्याच्या शेजारी बसून पितो व्हय?"

सिस्टर मनापासून हसल्या. दोघांची गट्टी जमली ती तिथून. पुढच्या हंगामात आबांनी माझ्याबरोबर बोरांची पिशवी पाठवली. निरोप होता, "बोरं माजी, फुडचं पाप तुमचं." सिस्टरांनी बोरं सुकवून रममध्ये घातली आणि महिनाभराने जाहीर केलं, की हा पेशंट सुधारण्यातला नाही, औषध गिळतो आणि तसाच्या तसा बसून राहतो.

नाताळ जवळ आला की त्या घराचं दवाखान्यात रूपांतर होई. गल्लीत माळकरी होते, मुसलमान होते, पथ्यावर असलेले होते, आणि केक सगळ्यांच्या घरी गेलाच पाहिजे, असा सिस्टरांचा नियम होता. म्हणून केक दोन प्रकारचे. एकातली फळं वर्षभर रममध्ये मुरलेली, दुसऱ्यातली आदल्या दिवशी मोसंबीच्या रसात भिजवलेली. भांडी वेगळी, सुरी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं. रसाचे केक आधी भाजायचे, रमचे नंतर. ऑपरेशन थिएटरात स्वच्छ केस आधी घेतात आणि पू झालेली शेवटी, तसं. मग खाकी कागदाचे पुडे. रसाच्या पुड्याला पांढरा दोरा, रमच्या पुड्याला तांबडा.

पुडा देताना त्या समोरच्याकडून दोनदा वदवून घेत. "कोणता दोरा? कुणासाठी? पुन्हा म्हणा." गल्लीतली पोक्त माणसंसुद्धा दारात उभी राहून शाळेतल्यासारखी म्हणत, "पांढरा दोरा, आमच्या घरासाठी. पांढरा दोरा, आमच्या घरासाठी." तोवर पुडा सुटत नसे. नोकरीत त्यांच्या हातून एकाही रुग्णाला चुकीचं औषध गेलं नव्हतं. याचा अभिमान त्या बोलून दाखवत नसत, पण त्यांच्या चालण्यात तो दिसे. गल्लीतल्या बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन त्यांच्याकडे येत, कोणती कधी घ्यायची ते विचारत. ड्रेसिंग, इंजेक्शन, लहान मुलाचा ताप, सगळ्याला पहिलं दार सिस्टरांचं.

मी त्यांना एकदा रसायनशास्त्राच्या तोऱ्यात म्हणालो होतो, की भट्टीत अल्कोहोल उडूनच जातं, मग एवढा दोऱ्यांचा व्याप कशाला?

"सगळं नाही उडत, सर. थोडं राहतं. आणि जे राहतं, ते खाणाऱ्याला सांगायचं असतं."

पहिल्या दोन नाताळांना मी त्यांचा पांढऱ्या दोऱ्याचा केक घरी नेला. आबांनी तो दुधाबरोबर खाल्ला आणि वर्षभर त्याची आठवण काढली. तिसऱ्या वर्षी मी सुट्टीवर निघताना सिस्टरांनी माझ्या हातात दोन पुडे ठेवले.

"पांढरा दोरा आबांना. तांबडा तुम्हाला, मित्रांबरोबर खा, घरी नेऊ नका. म्हणा."

"पांढरा दोरा आबांना, तांबडा मला."

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो.

न्हावऱ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर शाळेतले दोन मित्र भेटले, शिक्रापूरच्या कारखान्यातून सुट्टीवर आलेले. चहा सांगितला. एकाने पिशवीकडे बोट केलं, "काय दडवलंय रं मास्तर?" मी तांबड्या पुड्याला हात घातला आणि थांबलो. स्टँडवर आमच्या गावची दोन-तीन माणसं उभी होती. माळकऱ्याच्या मुलाने उघड्यावर रमचा केक खावा आणि त्याचा वास कुणाला यावा, याची मला भीती वाटली. म्हणून मी पांढरा दोरा सोडला. थोडाच द्यायचा असं ठरवलं होतं. मित्र भुकेले होते, मीही होतो. चहा संपायच्या आत पुडा संपला.

मांडवगणच्या जीपमध्ये बसल्यावर खिशात हात गेला तेव्हा बोटांना तो दोरा लागला. घरी आबा वाट बघत होते. आईने सकाळीच फोनवर विचारलं होतं, बाईंचा केक आणतोस ना? रिकाम्या हाताने जाणं किंवा खरं सांगणं, दोन्ही सोपं होतं. मी मांडीवर पुडा ठेवून तांबडा दोरा सोडला, बाहेर टाकला, आणि पांढरा बांधला. अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळतं हे मी वर्गात शिकवत होतोच. जे मी सिस्टरांना सांगून पाहिलं होतं आणि त्यांनी खोडलं होतं, तेच मी स्वतःला पुन्हा सांगितलं. या वेळी खोडायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ओसरीवर आबा, आई आणि माझा चुलतभाऊ बसले होते. घरात सगळे त्याला दादा म्हणत. एके काळी दादाचं अर्धं रान दारूत गेलं होतं. आबांनीच त्याला हाताला धरून माळ घातली होती आणि तेव्हापासून त्याने थेंब शिवला नव्हता. आबांनी पहिला तुकडा दुधात बुडवला.

"औंदा केक लई ब्येस झालाय. बाईनं काय घातलंय यात?"

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. दादाने त्याचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग तो सावकाश ताटलीत परत ठेवला.

"आबा, थांबा. खाली ठिवा त्यो."

"का रं?"

"ह्यो वास म्या इसरलो न्हाई, आबा. यात रम हाय."

दादा उठून अंगणाच्या कडेला जाऊन बसला, दोन्ही हात काखेत दाबून. एवढा दणकट माणूस एका तुकड्याच्या वासाने असा होईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती. आबाही माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, फक्त प्रश्न होता.

मी म्हणालो, "सिस्टरांचा दोरा चुकला असेल. वय झालंय त्यांचं."

किती सहज आलं ते वाक्य. दुसरा अर्धा भाग तर कुणी विचारलाही नव्हता.

आबांनी चूळ भरली, हात धुतले, गळ्यातली माळ काढली आणि विठोबाच्या तसबिरीसमोर ठेवली. आई म्हणाली, "अवं, चुकून झालंय की." आबा म्हणाले, "चुकून झालं, म्हंजी झालंच की." जन्मात प्रथमच मी त्यांचा गळा मोकळा पाहिला. माळेच्या जागी कातडीवर फिकट वळ होता. मला तिकडे बघवेना.

मला वाटलं होतं, एवढ्यावर मिटेल. दोन दिवसांनी आबा म्हणाले, "बाईला सांगाया पायजे."

"कशाला, आबा? त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे. आपल्या दादासारखा कुनी दुसऱ्या घरी आसंल तर? बाई दवाखान्यातली हाय, तिला कळंल."

सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा ते माझ्याबरोबर दौंडला आले. सिस्टरांनी आबांचा मोकळा गळा दारातच पाहिला आणि स्वागताचं हसू आवरलं. आबांनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. सिस्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले.

"वाटेत पुडा उघडला होता का, सर?"

"नाही."

"आणि तुमचा तांबडा? त्यात रम नव्हती का?"

हा प्रश्न येईल असं मला सुचलंच नव्हतं. "तो मी मित्रांना दिला," मी म्हणालो. "मी चाखला नाही."

त्या खुर्चीवरून उठल्या आणि आबांसमोर उभ्या राहिल्या. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहावं तशा, हात शरीराला लावून.

"आबा, पेशंटला चुकीचं औषध गेलं. चूक माझी. नोकरीत कधी झालं नाही, ते आता झालं."

आबा अवघडले. "बाई, माळ काय, येकादशीला म्हाराजांच्या हातून पुन्यांदा घालतो. देव काय हिसाब मांडून बसला न्हाई. तुम्ही जिवाला लावून घिऊ नगा."

"देव नसेल बसला," सिस्टर म्हणाल्या, "मी बसलेय."

आबा गेल्यावर त्या खिडकीपाशी बसल्या. हातात दोऱ्याची दोन रिळं. एकेक उजेडाकडे धरून बघत होत्या. "हा तांबडा. हा पांढरा. दिसतंय की, सर. मग त्या दिवशी काय झालं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोलायला त्याहून चांगली वेळ मला पुढे कधीच मिळाली नाही. मी म्हणालो, "पुडे बांधताना वीज गेली होती ना, सिस्टर. त्यात झालं असेल."

हे मी दयेपोटी बोललो, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर माझ्या खोटेपणाला जी एक फट राहिली होती, ती मी माझ्या हाताने लिंपली. त्यांनी मान डोलावली. "हो. वीज गेली होती." आणि रिळं डब्यात ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्या डोळे तपासून आल्या. मोतीबिंदूची नुकती सुरुवात होती, तेवढं त्यांना पुरलं. त्यानंतर एका दुपारी मी कॉलेजातून परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच वास आला. सिस्टरांच्या अंगणात शेवग्याच्या बुंध्याशी फळांचा काळा ढीग पडला होता. शेजारच्या कोंबड्या मनुके टिपून भिंतीच्या आधाराने झोकांड्या देत चालत होत्या, आणि जमलेली माणसं पोट धरून हसत होती. कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, कोंबड्यांना बी ॲडमिट करा." सिस्टर हसल्या नाहीत. ओट्यावर सगळ्या बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. मी पहिली बरणी शोधली, विरजणाची. तीही पालथी होती. तिच्या काठावरून शेवटचं पाणी फरशीवर ओघळत होतं.

"सगळ्या?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बेड रिकामे केले, सर. वॉर्ड बंद."

त्या क्षणी मी आतून हादरलो, तो धक्का अजून अंगात आहे. पण हादरणं वेगळं आणि बोलणं वेगळं. मी खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. त्या वर्षअखेरीस मला शिरूरला बदली मिळाली. निघताना सिस्टरांनी मला डब्यात साखरेच्या वड्या दिल्या, दोरा न बांधता.

आबांनी एकादशीला पुन्हा माळ घातली होती. काही वर्षांनी ते शांतपणे गेले, आणि मी त्यांनाही सांगितलं नाही. दादाने त्यानंतरही दारूला स्पर्श केला नाही, याचं श्रेय माझं नाही. आपल्या चुकीने कुणाचं फार बिघडलं नाही, अशी समजूत मी घालून घेतली. सिस्टरांची फळं गेली एवढंच, असं मी मनाशी म्हणे.

परवाच्या डिसेंबरात एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला दौंडला गेलो होतो. दुपारी पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. सिस्टरांनी ऐंशी ओलांडली होती. एका कानाने ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने थोडं येत होतं. मला त्यांनी ओळखलं.

"सर, आवाज अजून तसाच. ताप उतरलेल्या पेशंटसारखा."

घर नीटनेटकं होतं. मांडणीवर बरण्यांच्या जागी घड्या घातलेली पांघरुणं होती. माझ्या जुन्या खोलीत आता रेल्वेत लागलेला एक बिहारी कर्मचारी राहत होता. त्याची बायको पदराला हात पुसत आत आली. तिने कपाटातला गोळ्यांचा डबा काढला, एक गोळी निवडली आणि सिस्टरांच्या तळहातावर ठेवली. सिस्टर गोळीकडे बघतही नव्हत्या, तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"दोपहर वाली, अम्मा. सफ़ेद."

"पक्का?"

"पक्का, अम्मा."

मग त्यांनी गोळी घेतली. मला वाटलं, डोळ्यांमुळे असेल. ती बाई गेल्यावर मी जवळ सरकून विचारलं, "दिसत नाही का आता?"

"छान दिसतं. ऑपरेशन झालंय ना. पेपर वाचते."

"मग गोळ्या दुसऱ्याच्या हातून?"

"माझ्या हाताचा भरवसा नाही, सर." त्या सहज म्हणाल्या, जणू पावसाचं बोलत होत्या. "एकदा चुकलाय. तुमच्याच घरी चुकला, विसरलात? तेव्हापासून कुणाला औषध दिलं नाही. गल्लीतल्यांना सांगून टाकलं, माझ्याकडे येऊ नका. आधी यायचे, मग सवय मोडली." त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. "आबा कसे आहेत?"

"आबा गेले, सिस्टर. बरीच वर्षं झाली."

त्या पुढे वाकल्या. "माळ घालून गेले ना?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "मी रोज विचारायचे येशूला. त्या माणसाची माळ गळ्यात आहे ना, एवढंच."

फळं गेली एवढंच, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो. इथे एक आयुष्यभर न चुकलेला हात मांडीवर पडून होता, आणि त्याची मालकीण स्वतःच्या गोळीसाठी शेजारणीच्या तोंडाकडे बघत होती. हा हात मी काढून घेतला होता, एका वाक्यात, तेही विचारल्याशिवाय.

मी बोललो. नेहमीपेक्षाही हळू आवाजात बोललो. सिस्टरांनी कानामागे हात धरला.

"काय? मोठ्यानं बोला. पोचत नाही."

मी पुन्हा बोललो. पुन्हा पोचलं नाही. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला. दारात ती बिहारी बाई येऊन उभी राहिली. तिच्यामागे समोरच्या घरातली म्हातारी, मग आणखी कुणी. कोंबड्या पाहून जे हसले होते, त्यांतलेही दोघं त्यात असावेत. मी सगळं सांगितलं, न्हावऱ्याच्या स्टँडपासून विजेपर्यंत.

सिस्टरांचा चेहरा मला वाचता आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली. मग त्या ताठ बसल्या आणि त्यांचा वॉर्डातला आवाज मला कितीतरी वर्षांनी ऐकू आला.

"कोणता दोरा? कुणासाठी? पुन्हा म्हणा, सर. दोनदा म्हणायचं असतं."

मी हात शरीराला लावून उभा राहिलो.

"पांढरा दोरा आबांना, तांबडा मला. तुम्ही बरोबर दिला होता, सिस्टर. पांढरा पुडा मी वाटेत खाऊन संपवला. तांबड्या पुड्यावर पांढरा दोरा मी बांधला. आबांशी खोटं मी बोललो, तुमच्याशी खोटं मी बोललो. तुमचा हात कधीच चुकला नव्हता. चूक माझी होती. मला क्षमा करा."